आक्का, अंड्याची गोष्ट मी सांगितली होती

आक्का, तू गेलीस आणि चौथ्याच दिवशी तुझ्या साबण करणाऱ्या बायकांनी चुलाण पेटवलं. गावात कुजबुज झाली. दहावं तरी होऊ द्यायचं होतं, असं म्हणणारे निघाले. तुझी सून रुक्मिण सुतकात, म्हणून तिनं कढईला हात लावला नाही. पण उंबऱ्यावर बसून तिथूनच ती हुकूम सोडत होती. कुजबुजणाऱ्यांनाही तिनं तिथूनच ऐकवलं, "लिंबोळ्या काय सुतक पाळायल्यात का? झाडाखाली सडा पडायलाय नुसता. आत्याबाई असत्या तर आमालाच पायतान फेकून मारलं असतं."

संध्याकाळपर्यंत साबण कढईत फुलून वर आला. तो कडू वास आपल्या अर्ध्या झरी गावात पसरला आणि मला माझ्या तेलाच्या घाण्यावर बसल्या बसल्या रडू आलं. पण खरं सांगू? त्या रडण्यात दुःख निम्मंच होतं. बाकीचा निव्वळ अभिमान होता. माणूस गेलं आणि त्याचं काम चौथ्या दिवशी उठून उभं राहिलं, असं मी तरी आपल्या भागात दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही.

परभणीहून निघणाऱ्या एका मासिकाच्या तरुण संपादकानं मला तुझ्यावर लिहायला सांगितलं आहे. तुझं माहेर कोणतं, लग्न कधी झालं, हे त्याला दुसरं कुणीही सांगेल. मला तो म्हणाला, "तुम्ही लिहा. सगळं गाव विरोधात असताना तुम्ही त्यांच्या बाजूनं उभे राहिलात." हे वाक्य मी सात वर्षं ऐकतो आहे, आक्का. ते खरं नाही, आणि मी ते एकदाही खोडलेलं नाही. म्हणून लिहायला बसलो. माझं शिक्षण निजामाच्या शाळेत, उर्दूतून. मराठी लिहायला मी हैदराबाद संस्थान गेल्यावर शिकलो. कुठं चुकलो तर तू समजून घेशील. तू माझ्या याहून मोठ्या चुका बिनबोभाट वापरून घेतल्यास.

रझाकारांच्या वर्षी आपण गाव सोडून वाशीमकडच्या छावणीत गेलो होतो. पोलीस अ‍ॅक्शननंतर परतलो तेव्हा घरोघरच्या पोरांच्या बोटांच्या बेचक्यांत खरूज होती. बाकीचे लोक येताना भांडी, गाठोडी, कुणी नुसता जीव घेऊन आले. तू एक विद्या घेऊन आलीस. छावणीतल्या एका म्हाताऱ्या बाईनं तुला साबण करायला शिकवलं होतं. शहरातला सोडा नाही, चरबी नाही. पापडखार आणि कळीचा चुना पाण्यात कालवून ठेवायचा, वरची निवळी काढायची आणि तिच्यात तेल शिजवायचं. त्या बाईला ते तिच्या आईनं शिकवलं होतं, आईला आजीनं.

झरीत तेव्हा साबण म्हणजे पाहुण्यापुढं ठेवायची चीज. आपण अंगाला माती लावायचो आणि लुगडी-धोतरं हिंगणबेटाच्या फेसाळ फळांच्या गरानं नाहीतर ओढ्याकाठच्या खाऱ्या मातीनं धुवायचो. बाजारात वड्या मिळत, पण त्यात जनावराची चरबी असते असा समज, म्हणून माळकऱ्यांच्या घरात त्या जात नसत.

तुझा पहिला साबण माझ्याकडच्या करडईच्या तेलाचा. तो वाळलाच नाही. बोट दाबलं की आत जायचं. तू तो हातावर घेऊन माझ्याकडं आलीस. "बाबू, हे काय म्हनायचं? ह्याच्यानं धुवावं का ह्याच्या पोळ्या लाटाव्या?"

मग तुला लिंबोळी सुचली. गावात कडुनिंब उदंड, आणि लिंबोळ्या कुणी उचलत नव्हतं. तुमच्या घरची मेंढरंच काय ती खात. कडुनिंबाचं तेल जड असतं, त्याची वडी टणक होते, आणि खरजेला त्याच्यासारखं औषध नाही. पण तेल गाळायचं कुठं? तू माझ्या दारात पोतं टाकलंस आणि आपलं पहिलं मोठं भांडण झालं.

"माझ्या घाण्यात लिंबोळी पडली की लाकूड कडू झालं," मी म्हणालो. "मग माझं करडईचं तेल कोण खाईल?"

"मंग तुज्या बापाचा घाना गोठ्यामागं पडलाय, त्यो काय पूजेला ठिवलायस?"

वडिलांचा घाणा मी सुताराकडून नीट करून घेतला आणि लिंबोळीला दिला. पण काम मनापासून केलं नाही. लिंबोळीचा गर चोळून धुवायचा असतो, बी उन्हात खडखडीत वाळवायचं असतं. मी गर तसाच ठेवला आणि ओलं बी घाण्यात घातलं. साबणालाच तर लागतंय, कोण बघतंय, हा माझा विचार. तेल काळं, आंबूस निघालं. ते तुला डब्यात भरून पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मी पारावर दहा माणसांत बसलो होतो. तू डबा डोक्यावरून उतरवून माझ्यापुढं ठेवलास.

"बाबू, हे काय दिलंस?"

"तेल हाय की."

"तेल न्हवं, डबकं हाय. तुजा बैल झापडं बांधून फिरतो ते ठीक हाय. तू कामून बांधलीस?"

सगळा पार हसला. मीही हसलो, पण मला ते लागलं. तू बरोबर होतीस म्हणून जास्त लागलं.

आता ते सांगतो ज्याच्यासाठी हा कागद घेतला आहे.

चार दिवसांनी किसनबुवा माझ्या घाण्यावर आले. गळ्यात तुळशीची माळ, गावात शब्दाला वजन. त्यांनी हो म्हटलं की सगळे माळकरी हो म्हणत. ते बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "बाबुराव, तुजं तिकडं जानं-येनं हाय. लेकरांची खरूज जायलीय म्हनत्यात त्या साबनानं. आमच्या घरात न्यावा म्हनतो. त्यात काही वंगाळ तर न्हाई ना?"

वंगाळ काहीच नव्हतं. ते माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तेल माझंच होतं. पण मला एक गोष्ट माहीत होती. निवळी पुरेशी कडक झाली की नाही हे बघायला तू तिच्यात कोंबडीचं अंडं सोडायचीस. बुडालं तर पाणी कमजोर. वर येऊन त्याची टकली दिसायला लागली की पाणी तयार. मग अंडं काढून बाजूला ठेवायचीस. तेलाशी त्याचा संबंध येत नसे, साबणात त्याचा अंशही जात नसे.

मी म्हणालो, "तसं काही न्हाई बुवा. पर तिच्या मडक्यात आंडं तरंगताना बघितलंय मी."

एवढंच बोललो. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच ते सहज बोलता आलं. बुवांनी गळ्यातल्या माळेला हात लावला आणि ते उठून गेले. त्यांच्या पाठीकडं बघताना मला बरं वाटलं, आक्का. हेही लिहिलं पाहिजे. बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी गावात बोललं जात होतं की साबणात अंडी फोडून घालतात. तिसऱ्या दिवशी, धनगराच्या घरचा साबण, मेंढराची चरबी असणारच. आठवड्यात विक्री थांबली. नेलेल्या वड्या लोकांनी तुझ्या अंगणात परत आणून टाकल्या. तुझ्याबरोबर सात बायका होत्या. त्यातली यशोदा लहान पोरीला घेऊन पुन्हा सडकेवर खडी फोडायला गेली. तिला जाताना मी पाहिलं आणि बैलामागं तोंड लपवलं.

तू माझ्याकडं आलीस. मला वाटलं, कळलं. पण तू ओट्यावर बसलीस आणि म्हणालीस, "बाबू, कुनीतरी आंडं पाह्यलंय."

"कोन असंल?" मी विचारलं. हे दोन शब्द त्या पहिल्या वाक्याहून वाईट होते.

"असंल कुनी. ते हुडकत बसले तर साबन कवा करू?" तू पदर झटकून उठलीस. "मला तेल दे. चांगलं दे ह्या बारीला. बाजारच्या दिवशी लागतंय."

ते तेल मी जन्मात पहिल्यांदा मन लावून गाळलं. गर चोळून काढला, बी दाताखाली टचकन फुटेपर्यंत वाळवलं. तेल सोनेरी निघालं. तू बोट बुडवून पाहिलंस आणि काही बोलली नाहीस. तुझं न बोलणं म्हणजे शाबासकी, हे मला ठाऊक होतं, आणि ती शाबासकी मला पेलली नाही.

बाजारच्या दिवशी तू चावडीपुढच्या मैदानात तीन दगड मांडून कढई चढवलीस. भरदुपारी, सगळ्यांदेखत. सातही बायका आल्या. यशोदाही खडीचं काम सोडून आली. भाजी घ्यायला आलेले, झरीचे, पाथरीकडचे, मेंढरं विकायला आलेले, सगळे गोल करून उभे राहिले. किसनबुवाही होते.

तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "आंडं होतं. लपवायचं काय त्यात? पानी बघायला होतं, साबनात न्हवतं. पर तुमाला आंडं चालत न्हाई तर न्हाई. आज हे बगा." आणि ओच्यातून एक बटाटा काढलास.

आधी साध्या पाण्याच्या बादलीत टाकलास. बुडाला. मग निवळीच्या मडक्यात टाकलास. तळाला गेला, थबकला, आणि हळूच वर येऊन डुलायला लागला. लोक पुढं सरकले. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, ह्यो तर एकादशीला चालतो!" असा हशा उठला की बाजारातले बैल दचकले. किसनबुवांच्याही मिशा हलल्या.

मग तू तेल ओतलंस. डबा आधी गोलात फिरवलास, ज्याला वास घ्यायचा त्यानं घ्यावा म्हणून. निवळीची धार हळूहळू सोडलीस, बायका आळीपाळीनं घोटत राहिल्या. दोन तास गेले, पण माणूस हललं नाही. शेवटी तू मुठीमुठीनं मीठ टाकलंस आणि दूध फाटावं तसं कढईतलं सगळं फाटलं. काळं पाणी खाली बसलं आणि साबण स्वच्छ पिवळा होऊन वर आला. तेलाचं दुसरं काही होताना लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. एका म्हातारीनं हात जोडले.

तू सराट्यावर, त्या मोठ्या उलथण्यावर, थोडा साबण काढलास, निवू दिलास आणि जिभेला लावलास. साबण कच्चा असेल तर जिभेला चटका बसतो. तुमची परीक्षा तीच. मग सराटा लोकांपुढं धरलास. "ज्याला संशय हाय, त्यानं चाखून बगा."

कुणी पुढं येईना. किसनबुवा एक पाऊल मागं सरले. मला तुझा हात दिसत होता. दोन तास घोटूनही तू तो खाली घेत नव्हतीस.

मी गेलो. लोक त्याला धाडस म्हणतात. धाडस नव्हतं ते. जीभ भाजावी, निदान तेवढी तरी शिक्षा व्हावी, एवढंच मनात होतं. मी डोळे मिटून जीभ लावली. चटका बसला नाही. तुझं काम पक्कं होतं.

"कडू हाय," मी म्हणालो.

"लिंबाचा हाय, बाबू. गुळाचा न्हवं," तू म्हणालीस, आणि मैदान पुन्हा हसलं.

माझ्यामागून किसनबुवा आले. त्यांनी बोटाच्या टोकानं चाखलं, थुंकले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "निर्मळ हाय. माज्या घरी दोन वड्या पाठीव, बाई."

त्या दिवशी तू जिंकलीस, आक्का. वाजंत्री नव्हती, हार नव्हते. धुरानं लाल झालेले डोळे आणि कोपरापर्यंत साबण. पण पुढं संस्थानाचे तुकडे झाले, आपण मुंबई राज्यात गेलो, यंदा महाराष्ट्र झाला, केवढे समारंभ पाहिले मी. त्यातल्या एकातही मला तुझ्या त्या मैदानासारखं भरून आलं नाही.

कुणी संशय पसरवला हे तू विचारलंच नाहीस. उलट जमलेल्या लोकांना म्हणालीस, "माजा बाबू पुढं आला म्हनून झालं." त्या वर्षी भाऊबीजेला तू मला घरी बोलावून ओवाळलंस. पाठच्या भावासारखं. त्यानंतर दर वर्षी. दर वर्षी निरांजनाचा उजेड तोंडावर पडला की मी मनात म्हणायचो, आज सांगतो. एकदा तोंड उघडलंही. "आक्का, ते आंडं..." तर तू म्हणालीस, "त्याचं नाव काढू नको. यंदा बटाटा कसला म्हाग झालाय, आंडंच बरं होतं!" आणि स्वतःच हसत सुटलीस. मी लाडू खाऊन घरी आलो.

तुला ठाऊक होतं का? लोक म्हणतील, असणारच. मी मात्र ठरवलं आहे की तुला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं असं मानलं तर तू मला माफ केलंस असं होतं, आणि माझं ओझं फारच स्वस्तात उतरतं.

पुढची वर्षं तुझीच. गावातल्या पोरांचे हात स्वच्छ झाले. पाथरीच्या बाजारात लोक "झरीचा साबन" म्हणून मागायला लागले. येलदरीला पूर्णेवर धरणाचं काम निघालं आणि तिथल्या मजुरांच्या वस्तीवर तुझ्या वड्यांची बैलगाडी जायला लागली. इतक्या लोकांच्या अंगावरची धूळ उतरवायची म्हणजे थोडं थोडकं काम नव्हे. सात बायकांच्या वीस झाल्या. यशोदानं पुन्हा खडीचा हातोडा धरला नाही. तिची पोर शाळेत जाते.

आपलं शेवटचं भांडण अर्धंच राहिलं. मी म्हणत होतो, आता शहरातला तयार सोडा आणू; चुना-पापडखाराची खटपट कशाला? तू अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणालीस, "चुना इथला, लिंबोळी इथली, हात इथले. पापडखार तेवढा बाजारचा. आनखी काय काय बाजारातून आनायचं, बाबू?" मी म्हणालो, वेळ वाचेल. तू म्हणालीस, "वाचलेला येळ काय लोनच्यात घालू?" मग तुला खोकला आला आणि तू हातानं खूण केलीस, उद्या. मला अजूनही वाटतं की माझं बरोबर आहे. हे भांडण मी रुक्मिणीशी चालू ठेवणार आहे, आणि तिचा कल तुझ्याच बाजूला असल्यानं हरणार आहे.

हे लिखाण संपादकाला द्यायचं तर तुझ्या बायकांनी ते छापील कागदावर पहिल्यांदा वाचावं हे बरं नाही. म्हणून तेरावा झाल्यावर, परवा सोमवारी, मी कढईपाशी गेलो. रुक्मिण आता स्वतः घोटत होती. मी सगळ्यांदेखत सांगितलं. किसनबुवा, अंडं, माझं वाक्य, "कोन असंल" हेसुद्धा.

मग यशोदा म्हणाली, "त्या टायमाला माज्या पोरीला ताप होता. तशीच तिला झोळीत घालून खडीवर नेली मी. तुमी आमाला जाताना बघितलं आसंल."

"बघितलं," मी म्हणालो.

"आन् गप ऱ्हायले."

"हो."

मी विचारलं, "यशोदा, मला माफ करता येईल का?" ती वड्या कापत होती, तार ताणून धरलेली होती. तिनं मान वर केली नाही. "आज न्हाई सांगत," ती म्हणाली.

रुक्मिण म्हणाली, "छापून येऊ द्या. आत्याबाईला कुनाकुनाशी झुंजावं लागलं ते कळू द्या लोकायला. तुमचं नाव बी येऊ द्या."

"येईल," मी म्हणालो.

काल सकाळी येलदरीची गाडी निघाली. दर वेळी गाडीबरोबर मी जात असे, हिशेबाला आणि धरणावरच्या साहेबाशी बोलाचालीला. मी तयार होऊन आलो तर गाडीवर यशोदा बसली होती, शेजारी आणखी दोघी, आणि कासरा त्यांच्यातलीच एक धरून होती. वड्या पळसाच्या पानांत बांधून छातीएवढ्या रचलेल्या. आजवरची सगळ्यांत मोठी खेप, आक्का, आणि तिच्याबरोबर एकही बाप्या नव्हता.

"मी येऊ ना?" मी विचारलं.

"तुमचं काय काम तिकडं?" यशोदा म्हणाली. "आमी बोलू सायबाशी. तुमी बेस्तरवारपातूर दोन डबे तेल द्या. मागल्या खेपेसारखं चांगलं द्या."

गाडी वेशीबाहेर पडली तेव्हा तिघी कशावरून तरी मोठ्यानं हसत होत्या. ते हसणं वळणापर्यंत ऐकू येत होतं. मी तिथंच उभा राहून ऐकलं.

आज बुधवार आहे, आक्का. बेस्तरवार, म्हणजे गुरुवार, उद्याच, आणि एकच डबा भरला आहे. उठतो.